हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल खेळू शकतं का? जन्मजात हृदयदोष आणि व्यायाम: वालिदैन व शिक्षकांसाठी माहिती

मुलाच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं, ऑपरेशन झालं आणि अल्लाहच्या करमने मूल सुखरूप घरी आलं. त्यानंतर बहुतेक घरांत एकच हुकूम सुटतो, "धावू नको, उड्या मारू नको, तुझं दिल कमजोर आहे." दादी मोहल्ल्यातल्या पोरांना ताकीद देते. अम्मी शाळेत येऊन सांगून जाते की याला पी.टी.च्या तासाला उभं करू नका. हे सगळं मायेपोटीच होतं, त्यात शंका नाही. पण डॉक्टरांनी मनाई केलेली नसताना वर्षानुवर्षं बसवून ठेवलेल्या मुलाचं त्यातून नुकसान होतं.

दुरुस्त झालेल्या हृदयालाही हालचाल लागते. ती किती आणि कोणती, हे मात्र ऑपरेशन कोणतं झालं त्यावर ठरतं. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं हे अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांना कळावं, एवढ्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

दोष किती मुलांत असतो आणि सापडतो कसा?

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. काही छिद्रं लहान असतात आणि आपोआप बुजतात. काहींना औषध किंवा ऑपरेशन लागतं.

दूध पिताना बाळाला दम लागणं, कपाळावर घाम येणं, वजन न वाढणं, वारंवार निमोनिया होणं, ओठ-नखं निळी पडणं ही लक्षणं दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थोडं धावून मूल मध्येच उकिडवं बसत असेल आणि त्याचे ओठ निळसर दिसत असतील, तर ते आळशी नाही. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या दोषातली मुलं असं बसतात, कारण उकिडवं बसल्यावर फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं आणि त्यांना आराम वाटतो.

शाळा आणि अंगणवाडीतली तपासणी 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'खाली होते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष हा त्यातला एक ठरलेला आजार आहे. डॉक्टरांचं पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

उपचार नसले की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मुमताज जहाँ बेगम देहलवी, म्हणजे मधुबाला. त्यांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मजात छिद्र होतं. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. हृदय उघडून असं छिद्र बंद करण्याचं ऑपरेशन जगात पहिल्यांदा १९५४ साली अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी केलं. मधुबाला तेव्हा २१ वर्षांच्या होत्या आणि हे इलाज आपल्याकडे सर्रास पोचायला अजून बराच काळ जायचा होता. आज तेच छिद्र बालवयात बंद होतं आणि बहुतेक मुलं पुढे नेहमीसारखं आयुष्य जगतात.

निरोगी हृदय धावताना काय करतं?

आधी साधं गणित समजून घेऊ. मोठ्या माणसाचं हृदय आरामात असताना मिनिटाला साधारण ७० वेळा धडकतं आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं. म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. जोरात धावताना हेच हृदय मिनिटाला २० लिटरपर्यंत रक्त फिरवतं.

हे दोन मार्गांनी होतं. एक, ठोके वाढतात. दोन, दर ठोक्यामागचं रक्त वाढतं. पायांचे स्नायू आवळले-सुटले की शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि स्नायूंकडे जाणारा वाटा वाढतो. आरामात असताना एकूण रक्तापैकी पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो, जोराच्या व्यायामात तो ८० टक्क्यांपर्यंत जातो. थांबल्यावर काही मिनिटांत ठोके खाली येऊ लागतात. नियमित व्यायाम करणाऱ्याचे ठोके लवकर उतरतात.

ऑपरेशननंतर काय बदलतं?

ऑपरेशननंतर या साखळीतली एखादी कडी कमी पडू शकते. साधारणपणे पुढच्या गोष्टी दिसतात.

१. ठोके हवे तितके वाढत नाहीत. ठोक्याचा हुकूम देणाऱ्या भागाला किंवा तिथल्या नसांना ऑपरेशनमध्ये धक्का लागलेला असू शकतो. काही औषधंही ठोके दाबून ठेवतात. असं मूल लवकर थकतं आणि वरून मात्र ठणठणीत दिसतं.

२. दर ठोक्यामागचं रक्त वाढत नाही. झडप गळत असेल किंवा अरुंद राहिली असेल, तर हृदयाची बरीच मेहनत वाया जाते.

३. ठोक्यांची लय बिघडते. टाक्यांच्या व्रणाभोवती विजेचे संकेत भरकटू शकतात. हा त्रास कधी ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही सुरू होतो.

४. फुप्फुसांचा फुगारा कमी राहतो. छाती उघडल्यामुळे काही मुलांचा श्वास थोडा उथळ होतो.

५. स्नायू ढिले पडतात. हे ऑपरेशनमुळे कमी आणि बसून राहिल्यामुळे जास्त होतं.

पहिल्या चार गोष्टींसाठी डॉक्टर लागतात. पाचवी घरातून आणि शाळेतून सुधारता येते. अमेरिकेतल्या बोस्टनच्या बालरुग्णालयातला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. गंभीर हृदयदोष असलेल्या १६ मुलांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम आणि खेळ दिले गेले. त्यातल्या १५ मुलांची क्षमता वाढली. ही मुलं आधी थकायची त्यामागे बसून राहणं हेही एक कारण होतं, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

कोणत्या ऑपरेशननंतर काय अपेक्षा ठेवावी?

डिस्चार्ज कार्डावर दोषाचं आणि ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असतं. ते कार्ड लॅमिनेट करून जपा. "छिद्र होतं, बंद केलं" एवढ्यावर पुढचा सल्ला ठरत नाही.

एएसडी, व्हीएसडी, पीडीए: पडद्यातलं छिद्र किंवा जन्मानंतर उघडी राहिलेली नळी वेळेवर बंद झाली, फुप्फुसातला दाब वाढलेला नसला आणि इको चांगला असला, तर बहुतेक मुलांची क्षमता इतर मुलांच्या जवळपास असते. यांना सहसा सगळे खेळ खेळता येतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त बसवून ठेवलेली मुलं मात्र हीच असतात.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो: दुरुस्तीनंतर मूल निळं पडत नाही, पण फुप्फुसाकडच्या रस्त्यातली झडप बऱ्याचदा गळत राहते. उजवा कप्पा वर्षांगणिक मोठा होत जातो आणि व्यायामाची क्षमता थोडी कमी राहते. पुढे झडप बदलावी लागू शकते. तरीही रोजची हालचाल आणि बरेच खेळ जमतात. अमेरिकेचा स्नोबोर्ड खेळाडू शॉन व्हाइट हाच दोष घेऊन जन्माला आला. पहिल्या वाढदिवसाआधी त्याची दोन ऑपरेशनं झाली आणि पुढे त्याने २००६, २०१० व २०१८ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. प्रत्येक मूल तसं होईल असं आम्ही म्हणत नाही. पण हा दोष म्हणजे खाटेवर बसण्याची शिक्षा नाही, एवढं यातून कळतं.

महाधमनीचं आकुंचन: अरुंद भाग मोकळा केल्यावरही काही जणांचं बीपी व्यायामात फार चढतं. बसल्या जागी मोजलेलं बीपी ठीक येतं, धावल्यावर नाही. म्हणून स्ट्रेस टेस्ट करावी लागते. श्वास रोखून जड वजन उचलणं यांनी टाळावं. जिममध्ये जाऊ लागलेल्या मुलांच्या अब्बांनी याकडे लक्ष द्यावं.

अदलाबदल झालेल्या धमन्या: जन्मानंतर लगेच धमन्या जागच्या जागी बसवल्या असतील, तर बहुतेक मुलं चांगली खेळतात. यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही हलवलेल्या असतात. त्यामुळे व्यायामात छातीत दुखलं तर ताबडतोब दाखवावं.

फोंटान: काही मुलांच्या हृदयात कामाचा पंप एकच असतो. फ्रान्सच्या डॉ. फोंटान यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने शरीरातलं अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात सोडलं जातं. ढकलणारा कप्पा नसल्याने धावताना रक्त हवं तितकं वाढत नाही. या मुलांची क्षमता सरासरी इतरांच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असते. पण त्यांच्यासाठी पायांचे स्नायू म्हणजे जवळजवळ दुसरा पंप. म्हणून चालणं, हलकी सायकल, पायांची ताकद वाढवणारे व्यायाम त्यांना फायद्याचे. स्पर्धा, शर्यत आणि दमसास तुटेपर्यंत खेळणं नको. त्यांना प्रार्थनेच्या वेळी उन्हात फार वेळ स्तब्ध उभंही करू नका.

सुरुवात कशी करावी?

छातीचं मधलं हाड कापून ऑपरेशन झालं असेल तर ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून उचलू नका. दप्तर, पाण्याची कळशी, सायकल, झाडावर चढणं बंद. घरात आणि अंगणात चालणं मात्र डॉक्टर लवकरच सुरू करायला सांगतात.

नमाजबद्दल बरेच जण विचारतात. या काळात सजद्यात हातांवर भार येतो आणि छाती ओढली जाते. बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत मरीजाला दीनने दिलेली आहे, ती घ्यावी. हाड जुळल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा नेहमीची नमाज सुरू करता येते.

त्यानंतर १० मिनिटं रमतगमत चालणं, दर आठवड्याला थोडी वाढ, मग पळापळीचे खेळ, असा क्रम ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल करावी. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर ऑपरेशन झालेल्या मुलांचंही ध्येय हळूहळू तेच असावं.

जोर किती लावायचा, याचं सोपं माप म्हणजे बोलणं. खेळताना मुलाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येतं पण गाता येत नाही, हा मध्यम जोर. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. मनगटावर नाडी १५ सेकंद मोजून तिला ४ ने गुणलं की मिनिटाचे ठोके मिळतात. ते खेळाआधी, खेळानंतर लगेच आणि ५ मिनिटांनी वहीत लिहा. महिन्याभराची अशी वही डॉक्टरांच्या फार कामी येते.

लगेच थांबवून दवाखाना गाठायची लक्षणं: चक्कर किंवा बेशुद्धी, छातीत दुखणं, विश्रांतीतही थांबत नसलेली धडधड, ओठ निळे पडणं, नेहमीपेक्षा फार लवकर दम लागणं. खेळता खेळता मूल बेशुद्ध पडलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. शुद्धीवर येत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत छाती दाबत राहा.

ऊन, रोजा, खतना आणि दात

वऱ्हाडातलं ऊन वेगळंच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या वर जातो. अंगातलं पाणी कमी झालं की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. फोंटान झालेल्यांना आणि निळेपणा उरलेल्यांना याचा धोका जास्त. उन्हाळ्यात खेळ सकाळी ८ च्या आत किंवा मगरिबच्या आसपास ठेवा, आणि पाणी सोबत असू द्या.

रोजाबाबत डॉक्टरांना रमजानच्या महिनाभर आधी विचारा. लघवीची गोळी, रक्त पातळ करणारं औषध किंवा दिवसातून तीनदा घ्यायची औषधं चालू असतील, तर मनाने वेळा बदलू नका. मरीजाने रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करावेत, ही सवलत सूरह बकरामध्ये आहे. ज्यांना नंतरही जमणार नाही त्यांनी फिदियाबद्दल आलिमांना विचारावं. मोहल्ल्यातली इतर मुलं रोजा ठेवतात म्हणून या मुलाला टोचून बोलू नये.

खतना घरी करून घेऊ नका. मुलाला अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफेरिन चालू असेल तर रक्त थांबत नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी, मग रुग्णालयातच खतना. वॉरफेरिन घेणाऱ्या किंवा पेसमेकर बसवलेल्या मुलांनी कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंगसारखे धडकीचे खेळही टाळावेत.

किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत जाऊ शकतात. म्हणून मिसवाक असो की ब्रश, दात रोज स्वच्छ हवेत. काही ऑपरेशननंतर दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, तेव्हा दंतवैद्याला हृदयाचं ऑपरेशन झाल्याचं सांगाच.

मुलींबद्दल थोडं स्पष्ट

मुलाचं ऑपरेशन झालं तर चार वर्षांनी तो मैदानात दिसतो. मुलीचं झालं तर ती बऱ्याचदा घरातच राहते. छातीवरचा व्रण कोणाला दिसू नये, रिश्त्याच्या वेळी अडचण येऊ नये, म्हणून ऑपरेशनची गोष्टच दडवली जाते. कधी तपासणीही बंद होते, कारण हृदयाच्या दवाखान्यात कोणी पाहिलं तर चर्चा होईल.

इथे जिवाचा प्रश्न आहे. गरोदरपण हा हृदयासाठी नऊ महिने चालणारा व्यायामच आहे. त्या काळात हृदयाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त फिरवावं लागतं. ऑपरेशन झालेल्या बहुतेक मुली सुखरूप माता होतात, पण त्यासाठी आधी इको आणि तज्ज्ञांचा सल्ला हवा. वॉरफेरिनसारखी औषधं पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात, ती वेळेवर बदलावी लागतात. सासरच्यांना आणि डफरीनसारख्या स्त्री रुग्णालयातल्या डॉक्टरांना काही माहीतच नसेल, तर बाळंतपणाच्या रात्री सांगून उपयोग होत नाही. निकाहाआधी ही गोष्ट खरी सांगावी. खरं सांगितल्याने जो रिश्ता मोडतो, तो आजारपणात टिकला नसता.

आणि मुलींनाही खेळ हवा. पडदा पाळूनही चालणं, दोरीवरच्या उड्या, बॅडमिंटन घराच्या गच्चीवर किंवा मुलींच्या शाळेत होऊ शकतं.

शाळेने काय करावं?

अमरावती हे व्यायामाचं शहर. १९१४ साली स्थापन झालेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच, आणि तिथे शिकलेले क्रीडाशिक्षक वऱ्हाडभर आहेत. अशा भागात तरी हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल पी.टी.च्या तासाला दप्तरं राखत बसू नये.

वालिदैननी डॉक्टरांकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात: दोषाचं नाव, ऑपरेशनची तारीख, कोणते खेळ चालतील, कोणते नाहीत. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. सरांनी मुलाला हवं तेव्हा थांबण्याची मुभा द्यावी आणि त्याच्या थांबण्यावर कोणाला हसू देऊ नये. चिखलदऱ्याच्या सहलीला त्याला वगळण्याऐवजी चढावर सोबत एक मोठं माणूस द्यावं.

तपासणी आणि मदत कुठे?

ऑपरेशन झालं म्हणजे फाइल बंद झाली, असं नाही. बहुतेकांना वर्षा-दोन वर्षांनी, काहींना आयुष्यभर तपासणी लागते. इकोमध्ये आराम करणारं हृदय दिसतं. मेहनत करणारं हृदय पाहायला पट्ट्यावर चालवून केलेली स्ट्रेस टेस्ट, ६ मिनिटं चालण्याची चाचणी आणि लय तपासायला २४ तासांचा होल्टर लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "याची स्ट्रेस टेस्ट करावी का? याला कोणत्या खेळाची मनाई आहे?"

सुरुवात अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून, म्हणजे आपल्या इर्विनमधून, किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून करता येते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पुढे पाठवतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. बडनेरा आणि अकोल्याहून रायपूरची थेट गाडी मिळते.

ज्या घरात असं मूल आहे, त्यांनी या आठवड्यात एवढं करावं. डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. शेवटचा इको कधी झाला ते पाहा. वर्ष उलटलं असेल तर तारीख घ्या आणि खेळाबद्दलचा प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी "खेळू द्या" म्हटलं, तर त्याच संध्याकाळी मुलाला बाहेर सोडा. घरातल्यांना धाकधूक वाटेल, ते साहजिक आहे. दुआ करत दारात उभे राहा, पण त्याला हाक मारून परत बोलावू नका.